मंगळावरचं ड्रिलिंग घरबसल्या कसं वाचायचं: भुकटी, भोक आणि नळी

शेतात बोअर मारायला गाडी येते तेव्हा जाणती माणसं गाडीकडे कमी आणि बाहेर उडणाऱ्या भुकटीकडे जास्त बघतात. आधी मुरूम, मग काळा पाषाण, मध्येच एखादा लाल थर. भुकटीचा रंग आणि पोत बदलला की खाली काय चाललंय याचा अंदाज येतो. मंगळावर रोव्हर खडकात ड्रिल घालतो तेव्हाही नेमकी हीच नजर लागते. बातमी येते ती बहुतेक वेळा यश मिळाल्यावर, तीही दोन ओळींची. पण त्या प्रयत्नाची पायरी न् पायरी रोव्हरच्या कच्च्या छायाचित्रांत उमटलेली असते, आणि ती छायाचित्रं नासा रोजच्या रोज सगळ्यांसाठी खुली करते. ती कुठे बघायची, कुठल्या क्रमाने बघायची आणि कशावरून काय ठरवायचं, ते पुढे दिलं आहे.

आधी हे पक्कं करा: दोन रोव्हर, दोन निराळी ड्रिलं

क्युरिऑसिटी ६ ऑगस्ट २०१२ रोजी गेल विवरात उतरला. पर्सिव्हरन्स १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात उतरला; आपल्याकडे तेव्हा १९ तारखेची मध्यरात्र उलटून गेली होती. दोघांचे सांगाडे सारखे दिसतात, म्हणून ड्रिलही सारखंच असेल असं वाटतं. तसं नाही.

क्युरिऑसिटीचं ड्रिल खडकाची भुकटी करतं. बिट, म्हणजे ड्रिलचं टोक, १.६ सेंटिमीटर जाडीचं, भोक जास्तीत जास्त साधारण साडेसहा सेंटिमीटर खोल. ही भुकटी रोव्हरच्याच पोटातल्या दोन प्रयोगशाळांत, केमिन आणि सॅममध्ये जाते आणि तिथेच तपासली जाते.

पर्सिव्हरन्सचं बिट आतून पोकळ आहे. ते खडकाचा गाभा, म्हणजे कोअर कापून काढतं: सुमारे १३ मिलिमीटर जाड आणि ६ सेंटिमीटर लांब, फळ्यावरच्या खडूएवढा. बिटाच्या आत आधीच बसवलेली टायटॅनियमची नळी असते, गाभा थेट तिच्यात शिरतो. रोव्हरवर अशा ४३ नळ्या गेल्या. त्यांतल्या ३८ नमुन्यांसाठी, आणि ५ साक्षीदार नळ्या, म्हणजे पृथ्वीवरून सोबत गेलेल्या अशुद्धीची नोंद ठेवणाऱ्या.

या फरकाचा सरळ परिणाम असा की दोघांच्या यशाचा पुरावा वेगवेगळ्या ठिकाणी शोधावा लागतो. क्युरिऑसिटीच्या बाबतीत भोकाची खोली आणि भुकटी बघायची. पर्सिव्हरन्सच्या बाबतीत भोक कितीही देखणं असलं तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. नळीत काय आहे ते बघायचं. नवे वाचक सर्वांत जास्त चुकतात ते इथेच, आणि पर्सिव्हरन्सच्या पहिल्याच प्रयत्नाने सगळ्या जगाला हा धडा दिला. त्याकडे पुढे येऊ.

सामान: एक पान, एक वही, एक सूत्र

नासाच्या संकेतस्थळावर दोन्ही मोहिमांच्या विभागात कच्च्या छायाचित्रांचं पान आहे. त्यात कॅमेऱ्याप्रमाणे आणि सोलप्रमाणे गाळणी लावता येते. सोल म्हणजे मंगळाचा एक दिवस, २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा. मोहिमेचं सगळं कामकाज सोलच्या आकड्यावर चालतं, त्यामुळे तारखेऐवजी सोल लिहायची सवय लावा.

सोलवरून तारीख काढायची तर सोलचा आकडा १.०२७५ ने गुणा आणि तेवढे दिवस उतरण्याच्या तारखेत मिळवा. उदाहरणार्थ पर्सिव्हरन्सचा सोल १९०: गुणाकार येतो १९५ दिवसांच्या थोडा वर, १८ फेब्रुवारी २०२१ मध्ये मिळवला की १ सप्टेंबर. एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, कारण मंगळावरची मध्यरात्र आणि आपली मध्यरात्र जुळत नाही.

फाइलचं नाव वाचायला शिका, अर्धं काम तिथेच होतं. पर्सिव्हरन्सच्या फाइलची पहिली दोन अक्षरं कॅमेरा सांगतात. झेड-एल आणि झेड-आर म्हणजे रोव्हरच्या मानेवरच्या मास्टकॅम-झेडचा डावा आणि उजवा डोळा. एन-एल, एन-आर म्हणजे वाट शोधायचा नॅव्हकॅम. एफ-एल, एफ-आर म्हणजे पुढचा हॅझकॅम, जो रोव्हरच्या पोटाखालून समोरच्या जमिनीकडे बघतो. एस-आय म्हणजे रोव्हरच्या यांत्रिक हाताच्या टोकावरचा, जवळून बघणारा वॉटसन. आणि सी-सी म्हणजे कॅशेकॅम, रोव्हरच्या पोटातला, थेट नळीच्या तोंडात डोकावणारा कॅमेरा. पहिल्या अधोरेषेनंतरचे चार अंक हा सोल. क्युरिऑसिटीच्या मास्टकॅम (मानेवरचा) आणि माहली (हाताच्या टोकावरचा) कॅमेऱ्यांच्या फाइलींत उलट आहे: आधी चार अंकी सोल, मग एम-एल, एम-आर किंवा माहलीसाठी एम-एच.

वहीत एका प्रयत्नाला एक पान द्या. रकाने पाच पुरतात: सोल, आपल्याकडची तारीख, कॅमेरा, काय दिसलं, यावरून काय ठरतं. शेवटचे दोन रकाने मुद्दाम वेगळे ठेवा. ‘भोकाभोवती बारीक चुऱ्याची रास’ ही नोंद झाली, ‘खडक ठिसूळ असावा’ हा निष्कर्ष झाला. दोन्ही एकाच वाक्यात मिसळलं की आठवड्याने आपलं आपल्यालाच कळत नाही की नेमकं पाहिलं काय होतं.

नावांचा गोंधळही आधीच मिटवा. पर्सिव्हरन्सच्या कामात एकाच ठिकाणाला तीन नावं पडतात: खडकाचं एक, त्यावर घासलेल्या गोलाचं दुसरं, काढलेल्या गाभ्याचं तिसरं. रोशेट हा खडक, बेलगार्द हा त्यावरचा घासलेला गोल, आणि मोंदेनिये व मोंतान्याक हे त्यातून काढलेले दोन गाभे. जुलै २०२४ मध्ये गाजलेला चेयावा फॉल्स हा खडक आहे. त्यातून निघालेल्या गाभ्याचं नाव सफायर कॅन्यन. वहीच्या पानावर तिन्ही नावांना जागा ठेवली नाही तर एकच प्रयत्न तीनदा मोजला जातो.

पर्सिव्हरन्सचा प्रयत्न, पायरीने पायरी

रोव्हर चालायचा थांबला आणि पुढच्या हॅझकॅमच्या चित्रांत तीनचार सोल तोच खडक त्याच जागी दिसत राहिला, की कान टवकारा. काहीतरी शिजतंय.

पहिली खरी खूण म्हणजे घासलेला गोल. हाताच्या टोकावरचं ड्रिल घासण्याचं बिट लावून खडकावर ५ सेंटिमीटर व्यासाचा चकतीसारखा भाग सपाट करतं आणि नायट्रोजन वायूचे झोत मारून धूळ उडवून लावतं. मंगळावरच्या जवळपास प्रत्येक खडकावर लालसर धुळीचा आणि झिजेचा थर असतो. आतला खरा रंग आणि कणांची रचना या गोलातच पहिल्यांदा दिसते. वॉटसनची चित्रं इथे पोटभर बघा. कण एकमेकांत गुंतलेले स्फटिक असतील तर खडक अग्निजन्य असण्याची शक्यता मोठी; आपल्याकडच्या कातळाचा ताजा फुटलेला तुकडा भिंगाखाली पाहिलेला असेल तर ओळख पटायला वेळ लागत नाही. गोल गोल कण आणि थर दिसले तर गाळाचा खडक. गोलात भेगा, पोकळ्या, पांढुरके क्षारांचे डाग दिसले तर तेही टिपून ठेवा, ड्रिल कसं चालेल याचा इशारा त्यात असू शकतो.

त्यानंतर काही सोल हाताच्या टोकावरची, खडकातली मूलद्रव्यं आणि खनिजं तपासणारी उपकरणं, पिक्सल आणि शेरलॉक, या गोलावर टेकून बसतात. चित्रं कमी येतात, काही हलत नाही असं वाटतं. अधीर होऊ नका. कुठला भाग कापायचा आणि कापायचा की नाही, हे याच दिवसांत ठरतं.

मग गाभा कापण्याचा सोल. नॅव्हकॅम आणि हॅझकॅममध्ये हात खाली वाकलेला आणि ड्रिल खडकावर उभं टेकलेलं दिसेल. गाभा घासलेल्या गोलातून काढत नाहीत, त्याच्या शेजारी त्याच खडकावर काढतात. त्यामुळे नवं भोक गोलाच्या बाजूला शोधा. ड्रिल फिरतं आणि त्याच वेळी ठोकतंही, आपल्याकडच्या हॅमर ड्रिलसारखं. पूर्ण खोली गाठल्यावर बिटातली नळी थोडी मध्यापासून बाजूला सरकवली जाते आणि त्या तिरक्या दाबाने गाभा बुंध्याशी तुटतो. मागे उरलेलं भोक सुमारे २७ मिलिमीटर रुंद असतं. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचंच आहे. माप डोळ्यासमोर ठेवायला ते सोयीचं पडतं.

यानंतरची चित्रं सर्वांत महत्त्वाची. हात वर येतो आणि मास्टकॅम-झेड बिटाच्या तोंडात समोरून बघतो. चित्रात दोन कडी दिसतील: बाहेरचं तांबूस कडं हे बिट, आतलं फिकट कडं हे नळीचं तोंड. आतल्या कड्याच्या मध्ये खडकाचा गोल काप दिसला तर गाभा आत आहे. काळोख दिसला तर दोन शक्यता राहतात: नळी रिकामी आहे, किंवा गाभा खोल सरकला आहे आणि उन्हाचा कोन तिथपर्यंत पोचत नाही. एका चित्रावरून निकाल देऊ नका.

पुढे रोव्हर बिट आणि नळी जागेवर ठेवून हलवतो: एक सेकंदाचा ठोका, असं पाचदा. बिटाच्या ओठावर अडकलेले कण पडावेत आणि गाभा नळीत नीट खाली बसावा म्हणून. याच कारणाने हलवण्याआधीची आणि नंतरची चित्रं वेगळी दिसतात, आणि आधी दिसलेला गाभा नंतर ‘गायब’ झाल्यासारखा वाटू शकतो.

शेवटचा टप्पा रोव्हरच्या पोटात घडतो. हात बिटासकट नळी बिटांच्या फिरत्या चक्रात, कॅरोसेलमध्ये ठेवतो. आतला दुसरा छोटा हात नळी ओढून घेतो, एक दांडी नळीत घालून नमुना किती भरला ते मोजतो, कॅशेकॅमने चित्र काढतो, मग टोपण दाबून बसवतो आणि पुन्हा चित्र. कॅशेकॅमची गाळणी लावून ठेवलीत तर हा सगळा भाग दोनचार चौकोनी चित्रांत उलगडतो: आधी नळीच्या तळाशी खडक, नंतर तिथे धातूचं चकचकीत टोपण. टोपण बसलेलं चित्र दिसलं की वहीत त्या प्रयत्नापुढे बरोबरची खूण करायला हरकत नाही, त्याआधी नको.

एक फसवी गोष्ट ध्यानात असू द्या. साक्षीदार नळीचं काम करतानाही नळी बाहेर निघते, सील होते, कॅशेकॅमची चित्रं येतात. पण खडकात भोक कुठेच नसतं. कॅशेकॅममध्ये हालचाल आणि जमिनीवर काहीच नवं नाही, असं दिसलं तर आधी ही शक्यता तपासा.

काय बिघडतं आणि चित्रात ते कसं दिसतं

*खडकाचं पीठ होतं.* ६ ऑगस्ट २०२१, सोल १६४, लक्ष्य रूबियों. पर्सिव्हरन्सचा पहिला प्रयत्न. ड्रिलने सगळ्या आज्ञा पाळल्या, पूर्ण खोली गाठली, हॅझकॅमच्या चित्रात भोक सुबक. नळी आत गेली, मोजणीची दांडी तळापर्यंत काहीही न लागता गेली. कॅशेकॅममध्ये नळी रिकामी. यंत्रात दोष नव्हता. खडकच इतका ठिसूळ होता की गाभा म्हणून उभा न राहता त्याची भुकटी आणि बारीक तुकडे झाले. ते भोकाच्या तळाशी आणि भोवतालच्या राशीत राहिले. वॉटसनने भोकात डोकावून काढलेली चित्रं आणि भोवतीची चुऱ्याची रास हा त्याचा पुरावा. ती नळी वाया गेली नाही. मंगळाच्या हवेचा नमुना म्हणून ती सील केलेली आहे.

यातून घ्यायची खूण अशी: भोकाभोवतीची रास आणि भोकाचा काठ नेहमी नीट बघा. काठ धारदार आणि रास माफक असेल तर बरं लक्षण. काठ ढासळलेला, रास मोठी आणि एकदम बारीक असेल तर नळीबद्दल शंका धरा.

*उन्हाचा कोन फसवतो.* १ सप्टेंबर २०२१, रोशेट. गाभा कापल्यावर लगेचच्या चित्रांत तो नळीत स्पष्ट दिसत होता. पाच ठोके दिल्यानंतरच्या चित्रांत आत अंधार. रूबियोंची आठवण ताजी होती, त्यामुळे जगभर चर्चा सुरू झाली. चमूने नळी लगेच पोटात न घेता थांबून, चांगल्या उन्हात पुन्हा चित्रं मागवली. ४ सप्टेंबरच्या चित्रांत गाभा दिसला, ६ सप्टेंबरला नळी सील झाली. क्रमांक २६६ ची ही नळी, मंगळावरच्या खडकाचा पहिला बंद केलेला गाभा. अशा वेळी आपणही तेच करावं: त्याच कॅमेऱ्याची, सूर्य वेगळ्या ठिकाणी असतानाची चित्रं येईपर्यंत वहीत प्रश्नचिन्ह ठेवावं.

*खडे अडकतात.* २९ डिसेंबर २०२१ रोजी ईसोल नावाच्या खडकातून गाभा निघाला, पण बिट कॅरोसेलमध्ये ठेवताना अपेक्षेपेक्षा जास्त अडथळा लागला आणि रोव्हर स्वतःहून थांबला. चित्रांत कॅरोसेलमध्ये बारीक खडे सांडलेले दिसले. बिट चक्रात ठेवताना नळीतले वरचे तुकडे ओघळले होते. मग नळीत उरलेला नमुना जमिनीवर ओतून टाकला, चक्र फिरवून खडे खाली पाडले, आणि जानेवारी संपता संपता त्याच खडकातून पुन्हा गाभा घेतला. ही गोष्ट कच्च्या चित्रांतून ओळखायची खूण म्हणजे विचित्र कोनातली चित्रं: रोव्हर स्वतःच्या पोटाचे, कॅरोसेलच्या तोंडाचे आणि स्वतःखालच्या जमिनीचे फोटो काढायला लागतो. शास्त्रीय लक्ष्य सोडून कॅमेरे यंत्राकडे वळले की काहीतरी अडलंय असं समजा.

*टोपण बसत नाही.* नळीच्या काठाला धूळ किंवा कण चिकटले की टोपण नीट दाबलं जात नाही. कॅशेकॅममध्ये एकाच नळीची चित्रं सोलमागून सोल येत राहिली, टोपणाशिवाय, तर हेच चालू असण्याची शक्यता आहे. अशा वेळी नमुना आत सुरक्षितच असतो, त्यामुळे ‘अपयश’ हा शब्द घाईने लिहू नये.

क्युरिऑसिटी: इथे भुकटीच बोलते

क्युरिऑसिटीने पहिलं भोक ८ फेब्रुवारी २०१३ रोजी जॉन क्लाइन नावाच्या खडकात पाडलं, ६.४ सेंटिमीटर खोल. वरून तांबडा दिसणारा खडक, आणि आतून निघालेली भुकटी राखाडी. मंगळाचा लाल रंग किती वरवरचा असू शकतो हे त्या मूठभरही नसलेल्या चुऱ्याने दाखवलं. म्हणून इथे पहिलं काम: रंग लिहा. राखाडी, हिरवट, तपकिरी, गर्द लाल. कच्च्या चित्रांत रंगांचा समतोल साधलेला नसतो, तेव्हा भुकटीचा रंग एकट्याने न बघता त्याच चित्रातल्या शेजारच्या धुळीशी ताडून बघा.

क्रम साधारण असा जातो. ब्रशने धूळ झाडलेला गोल दिसतो. मग ड्रिल नुसतं टेकवून दाब दिला जातो. खडक डगमगतो का ते बघण्यासाठी. ही पायरी वरवर किरकोळ वाटते, पण ऑगस्ट २०१४ मध्ये बोनांझा किंग नावाच्या खडकावर छोटं चाचणी भोक पाडताना खडक हलला, संरक्षक आज्ञावलीने ड्रिल थांबवलं आणि तो खडक सोडून द्यावा लागला. टेकवण्याआधीचं आणि नंतरचं चित्र एकावर एक ठेवून पाहिलं की एखादी भेग सरकलेली किंवा वाळू ढळलेली आपल्यालाही पकडता येते.

भोक पडल्यावर खोली बघा. व्यास १.६ सेंटिमीटर ठाऊक असल्याने तिरक्या उन्हात सावली किती आत जाते त्यावरून अंदाज बांधता येतो. २०१८ च्या मध्यावर व्हेरा रुबिन कड्यावर व्हॉयेजर्स आणि एल्सा क्रेग या दोन ठिकाणी ड्रिल पुरेसं खोल गेलंच नाही. खडक फार कठीण निघाला. अशा वेळी भोकाऐवजी उथळ खळगा आणि चिमूटभर भुकटी दिसते. त्याच कड्यावर स्टोअर इथे मात्र ड्रिल उतरलं. खडकाची कठीणता वरून ओळखणं अनुभवी चमूलाही जड जातं, म्हणून ड्रिलच्या आधी तुमचाही अंदाज वहीत लिहा आणि नंतर ताडून बघा. चुकलेले अंदाज जास्त शिकवतात.

जुनी आणि नवी चित्रं एकमेकांशी तोलताना एक मोठी बाब विसरू नका. १ डिसेंबर २०१६ रोजी बिट पुढेमागे सरकवणारी यंत्रणा अडली. तोपर्यंत ड्रिलच्या दोन आधारकाट्या खडकावर टेकायच्या आणि बिट त्यांच्यामधून पुढे सरकायचं. दीड वर्ष पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर खटपट करून चमूने नवी रीत बसवली: बिट कायमचं पुढे काढून ठेवायचं आणि सगळा हातच खाली दाबायचा, आपण घरी भिंतीला ड्रिल मारतो तसं. फेब्रुवारी २०१८ मध्ये लेक ऑर्केडी इथे पहिली चाचणी झाली, आणि २० मे २०१८ रोजी डुलूथ या खडकात सुमारे ५ सेंटिमीटर खोल भोक पडलं. म्हणून २०१६ पर्यंतच्या भोकांशेजारी आधारकाट्यांच्या खुणा शोधा, नंतरच्या चित्रांत त्या शोधत बसू नका.

भुकटी पोचवण्याची रीतही तेव्हाच बदलली. पूर्वी भुकटी हातातल्या चाळणीतून गाळून जायची. आता बिट थेट प्रयोगशाळेच्या तोंडावर नेऊन उलटं फिरवतात आणि भुकटी झडून आत पडते. मंगळावर हवा विरळ असली तरी वारा असतो, आणि एका वेळी पडणारी भुकटी अगदी थोडी. त्यामुळे आधी रंगीत तालीम म्हणून जमिनीवर भुकटी सांडून किती पडते ते बघतात. जमिनीवरचा तो बारीक ठिपका मास्टकॅमच्या चित्रांत शोधण्यात खरी मजा आहे. सगळं झाल्यावर उरलेली भुकटी एका जागी ओतून माहलीने जवळून टिपतात. ही ओतलेली रास दिसली की त्या ठिकाणचं काम संपत आलं. एकदोन सोलात रोव्हर हलेल.

घड्याळ आणि धीर

मोहिमेचं नियोजन कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनात, जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत चालतं. तिथे सकाळचे आठ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. क्युरिऑसिटीच्या नियोजनाच्या नोंदी संकेतस्थळावर येतात. शुक्रवारी आखलेला बेत बहुधा तीन सोलांचा असतो. ड्रिल शुक्रवारच्या बेतात असेल तर निकालासाठी आपल्या मंगळवार सकाळपर्यंत थांबायची तयारी ठेवा. नोंद वाचताना ‘ड्रिल करणार’ आणि ‘ड्रिल केलं’ यातला फरक काटेकोर पाळा. नोंदी बेताबद्दल असतात, निकाल पुढच्या नोंदीत येतो.

रोव्हरच्या माहितीचा मोठा भाग मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांमार्फत येतो. आधी लहान चित्रं येतात, मोठी मागाहून. अंगठ्याएवढ्या चित्रात नळी रिकामी वाटली म्हणून ओरड करू नये. शिवाय मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा जवळपास चाळीस मिनिटांनी मोठा असल्याने रोव्हरची दुपार पृथ्वीच्या घड्याळावर सरकत राहते. काही आठवडे अशी वेळ येते की आजचा निकाल उद्याचा बेत आखण्याआधी पोचतच नाही. मग एकेक पायरी दोन दोन सोल घेते. यंत्र बिघडलेलं नसतं, टपाल उशिरा येत असतं.

साधारण २६ महिन्यांतून एकदा सूर्य पृथ्वी आणि मंगळाच्या मध्ये येतो. तेव्हा दोनेक आठवडे आज्ञा पाठवणं थांबवतात. तो काळ कॅलेंडरवर आधीच लाल करून ठेवा.

पक्की खातरजमा हवी असेल तर नासाच्या ग्रहविज्ञान माहिती संग्रहाकडे जा. काही महिन्यांच्या अंतराने तिथे सगळी तपासलेली माहिती जमा होते, आणि पर्सिव्हरन्सच्या नमुन्यांचे प्रारंभिक अहवालही तिथे आहेत: खडकाचं वर्णन, घासलेल्या गोलातली निरीक्षणं, गाभ्याची अंदाजे लांबी. आपल्या वहीतलं पान त्या अहवालाशी ओळीने ओळ जुळवून बघता येतं.

पहिला सराव

चालू सोलपासून सुरुवात करू नका, उत्तर माहीत असलेल्या प्रयत्नांपासून करा. पर्सिव्हरन्सच्या पानावर सोल १६० ते १७० निवडा. आधी पुढच्या हॅझकॅमची गाळणी लावा आणि भोक नसलेलं शेवटचं चित्र व भोक असलेलं पहिलं चित्र शोधा. मग वॉटसन: भोकाचा काठ आणि चुऱ्याची रास. मग कॅशेकॅम: रिकामी नळी. तिन्हींच्या नोंदी करा.

आता हेच सोल १९० ते २०० वर करा. इथे मास्टकॅम-झेडही घ्या आणि बिटाच्या तोंडाची चित्रं वेळेच्या क्रमाने लावा: ठोक्यांआधी गाभा, ठोक्यांनंतर अंधार, तीन सोलांनी चांगल्या उन्हात पुन्हा गाभा. त्यानंतर दोन्ही पानं शेजारी ठेवून फक्त भोकं बघा, नळ्या झाका. नुसत्या काठावरून आणि राशीवरून कुठलं भोक रूबियोंचं आणि कुठलं रोशेटचं हे न चुकता सांगता यायला लागलं, की मग आजचा सोल उघडा.